चार बोटांवरचा पट्टा

गुरुवार, २४ ऑक्टोबर १९७४. खंडेनवमी.
सकाळी धुके, नंतर कडक ऊन. नळाला पाणी ६.२० ते ७.०५. झेंडू आणला, निम्मा कोमेजलेला निघाला. ह्यांची मोजणीची टेप आणि शिवणाचे मशीन पूजेला ठेवले. ९.१० ला लालासाहेबांची जीप आली. गुंडा पंप ड्रायव्हर होता. कृष्णातच्या दोन्ही टाक्या पूजेसाठी हव्यात म्हणाला. कृष्णात कालच वडूजला आईकडे गेला आहे, उद्या सकाळी परत येणार. मी "न्या" म्हटले. गुंडाने टाक्या पोत्यात गुंडाळून नेल्या. धोब्याकडून चादरी आल्या, एक कमी. घेवड्याची भाजी केली.

ही नोंद माझ्याच हातची आहे. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रोज झोपण्यापूर्वी दिवसाची नोंद लिहायला लावत. ती सवय लागली ती लागलीच. गेल्या पन्नास वर्षांत असा एकही दिवस नाही की मी लिहिले नाही. फक्त एका तारखेचे पान माझ्याकडे नाही. ते का नाही, तेच सांगायला बसले आहे.

लिहायला निमित्तही तसेच झाले. नदीकाठच्या ज्या शेतीपाणी संस्थेचे लालासाहेब चेअरमन, तिला पंधरा वर्षे झाली म्हणून मागच्या आठवड्यात एक पुस्तिका निघाली. आर्ट पेपर, रंगीत मुखपृष्ठ, आत लालासाहेबांचे अकरा फोटो. विश्रामबागेतल्या घरोघरी वाटली, तशी माझ्याकडेही आली. त्यात एक ओळ आहे : 'सन १९७४ मध्ये बोलावलेला पाणबुड्या भीतीने काम सोडून वर आला, तरी संस्थेने हिंमत सोडली नाही.' माणसाचे नावही घातलेले नाही. मी ती ओळ वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

त्या माणसाचे नाव कृष्णात. वडूजच्या पुढे एका वाडीवरचा. त्या बाजूला उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो आणि बायका वाटीने घागर भरतात. अशा गावचा माणूस पाणबुड्या झाला याची सांगलीत सगळ्यांना मोठी गंमत वाटायची. चहाच्या गाड्यावर कुणीतरी हटकायचेच, "तुमच्या खटावात बुडायला पाणी तरी हाय का रं?" कृष्णात शांतपणे म्हणायचा, "न्हाई. म्हणून तर हिकडं आलोय."

लहानपणी विहिरीत पडलेल्या घागरी काढायचे काम त्याच्याकडे असे. घरातले तीन चुलते पलटणीत. हाही भरतीला गेला, तिथल्या साहेबाने पोहता येते का विचारले, आणि हा गेला नेव्हीत. कोचीनला पाण्याखालचे शिकला. पंधरा वर्षे जहाजांचे तळ तपासले, बंदरातल्या गाळात साखळ्या शोधल्या. मुदत संपवून आला तेव्हा बरोबर एक लोखंडी पेटी, हवेच्या दोन जुन्या टाक्या आणि तोंडात धरून श्वास घ्यायच्या दोन नळ्या होत्या. टाक्या त्याने मुंबईला भंगारातून घेऊन स्वतः दुरुस्त केल्या होत्या. त्या भरायला मुंबईलाच पाठवाव्या लागत. एसटीच्या टपावर करकचून बांधून पाठवायचा आणि परत येईपर्यंत स्टँडवर दहा चकरा मारायचा.

आमच्या मागच्या खोलीत तो १९७३ च्या जूनपासून राहिला. मितभाषी, स्वच्छ, सकाळी पाचला उठणारा. माझ्या चहात त्याचा एक कप असे. कुठे नदीत पंपाचा व्हॉल्व्ह अडकला, कुठे कुणी बुडाले, की लोक त्याला न्यायला येत. बुडालेल्याला काढून दिल्यावर तो त्या घरी पाणीसुद्धा पीत नसे.

१९७४ च्या पुरानंतर लालासाहेबांचा पंप पाणी ओढेना. नदीतून एक सिमेंटचा नळ काठाच्या विहिरीत येतो आणि त्या विहिरीतून पंप पाणी उचलतो. नळ अडीच फूट रुंद आणि पस्तीस फूट लांब. पुराने त्यात गाळ भरला आणि वर बाभळीचे खोड जाऊन अडकले. काठावर तीनशे एकर ऊस उभा. खोड बाहेर काढायला माणूस आत जायला हवा, आणि गाळामुळे वर राहिली होती जेमतेम सव्वा फूट जागा.

नेव्हीत टाकी पाठीवर बांधतात. पाठीवर टाकी घेऊन सव्वा फुटात माणूस शिरत नाही. कृष्णात पहिल्या दिवशी नळाच्या तोंडाशी जाऊन परत आला आणि दोन दिवस आमच्या व्हरांड्यात नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, पाठीवरचं ओझं आडवं येतंय. काखंतलं येणार न्हाई."

मग त्याने ते जे काही केले ते मी रोज बघत होते. दोन टाक्या दोन कुशींना लावायच्या, काखेपासून कमरेपर्यंत, अंगाला अगदी चिकटून. नेव्हीचे कापडी पट्टे कुजले होते, म्हणून त्याने मिरजेच्या रस्त्यावरच्या चांभाराकडून बैलाच्या साजाचे जाड चामडे आणले आणि एरंडेल लावून मऊ केले. टाकीच्या तळाकडे हा पट्टा आवळायचा. पट्ट्याला एक लोखंडी कडी. ती कडी कमरपट्ट्याच्या मागच्या रिंगेत अडकवायची. वरचे टोक काखेत राहावे म्हणून ट्रकच्या ट्यूबचे रबर कापून पाठीमागून घेतले, त्याचा फास टाकीच्या मानेला. एवढेच. बघणाऱ्याला वाटावे, यात काय आहे.

पण त्यात जे होते ते मी सांगते. टाकीच्या मानेवर हवा सोडायची चावी असते. टाक्या जुन्या, नळ्या गळक्या. म्हणून आत शिरताना तो फक्त उजवी टाकी चालू ठेवी, डावी बंद. उजवीची हवा जड लागायला लागली की डावीची चावी उघडायची, तोंडातली नळी बदलायची. नळात अंधार, गाळ, कोपर वाकवायला जागा नाही. चावी बोटांना सापडली तर श्वास. चावी काखेपुढे, बाहेरच्या अंगाला राहायला हवी तर पट्ट्याची कडी तिच्या बरोबर उलट बाजूला पाहिजे आणि पट्टा तळापासून बरोबर चार बोटांवर. पट्टा वर गेला की सगळी टाकी खाली सरकते. कडी फिरली की चावी फासळ्यांकडे वळते.

हे सगळे मला ठाऊक आहे कारण त्याने ते माझ्याकडून लिहून घेतले. "तुमी रोज लिवताच," तो म्हणाला, "हे बी लिवा. माझं अक्षर मला लागत न्हाई." मी लिहिले. ५ ऑक्टोबरची नोंद : 'पट्टा तळापासून चार बोटे (कृ. ची). कडी चावीच्या विरुद्ध अंगाला. दोन्ही टाक्या तशाच.' मग तो डोळ्यांवर माझ्या जुन्या काळ्या परकराची पट्टी बांधून खाटेखाली सरपटत जाई. खाटेवर त्याने विटा रचल्या होत्या, उठता येऊ नये म्हणून. खाटेखाली पालथा पडून डावी चावी उघडायची. मी ह्यांचे घड्याळ घेऊन बसायची. पहिल्या दिवशी एकोणीस सेकंद. आठव्या दिवशी सहा. शेजारच्या राजमतीबाई कुंपणावरून बघत आणि विचारत, "काय हो, ह्याला काय झालंय?" मी त्यांना सांगे, "अभ्यास चाललाय."

त्याचा एकच नियम होता. पाण्यात जाणाऱ्याने पट्टे स्वतः आवळायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. एकदा मी पट्ट्यावरची धूळ फडक्याने झटकली तर त्याने दोन्ही पट्टे सोडून पुन्हा बांधले.

म्हणजे मला माहीत होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी गुंडा दारात उभा राहिला तेव्हा मला हे सगळे माहीत होते. पण खंडेनवमी होती. माझे मशीन पाटावर होते, त्याच्या चाकाला मी हळद लावली होती. ज्याच्यावर माणसाचे पोट, त्याची पूजा करायची, याच्यात वावगे काय वाटणार? गुंडा म्हणाला, लालासाहेबांच्या मातोश्री हरणाबाई स्वतः पंपघरात पूजा मांडणार आहेत, मोटार, पाने, पहारी, सगळे ठेवलेय, तेवढ्या टाक्या राहिल्यात. गुंडा परका नव्हता. कृष्णात पाण्यात असताना वर दोर धरायचा तो हाच गुंडा, चाळिशीचा, बारा वर्षे त्या पंपावर. मी न्या म्हटले.

टाक्या त्या संध्याकाळी परत आल्या नाहीत. पूजेत मांडलेले हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसरा. कृष्णात वडूजहून सकाळच्या गाडीने आला तो स्टँडवरूनच जीपने त्याला नदीवर नेला. तिथे लालासाहेबांनी मांडव घातला होता. तालुक्यातून पाहुणे आले होते. दसऱ्याच्या मुहूर्तावर नळ मोकळा होणार आणि सगळ्यांसमोर पाणी चालू होणार, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. कृष्णातला विचारले नव्हते.

पुढचे मी पाहिलेले नाही. कृष्णातकडून ऐकले आणि नंतर गुंडाकडून, दोघांचे जुळले, म्हणून लिहिते.

टाक्या घासून लख्ख केल्या होत्या. मानेला झेंडूच्या माळा. त्याने माळा काढून ठेवल्या, टाक्या अडकवल्या, छातीभर पाण्यात उभा राहून दोन्ही नळ्यांतून श्वास घेऊन बघितला. हवा होती. मग डावी बंद करायला हात घातला तर चावी आतल्या अंगाला. त्याने वर बघून गुंडाला विचारले, "पट्टा सोडला हुता का रं?"

गुंडा म्हणाला, न्हाई. जीपमध्ये हलली असेल.

कृष्णातने टाकी हातानेच फिरवून चावी पुढे आणली. रबराने ती तशीच राहिली. मांडवातून कुणीतरी हाक मारली की पाव्हण्यांना पुढं जायचंय. तो आत शिरला.

वीस फूट आत गेल्यावर खोडाला गळ अडकवता अडकवता उजवीची हवा जड लागायला लागली. त्याने डावा हात काखेपुढे नेला. चावी तिथे नव्हती. सरपटताना कडीने टाकी पुन्हा आत फिरवली होती आणि चावी कोपराच्या मागे, फासळ्यांत रुतून बसली होती. खाटेखाली सहा सेकंदांत सापडायची ती. तो म्हणाला, "बाई, बोटाचं टोक लागत हुतं. फिरत न्हवती." त्याने दोराला तीन झटके दिले. गुंडाने, आणि हे मान्य केले पाहिजे, जीव खाऊन ओढले. कृष्णात पायांकडून उलटा बाहेर आला. कपाळ आणि खांदा सिमेंटवर सोलून निघाला होता, नाकातून रक्त. काठावर आडवा पडून ओकला.

पाहुण्यांच्या समोर लालासाहेब हसले आणि म्हणाले, "मिलिटरीतला गडी, पण आमच्या कृष्णामाईनं घाबरवला."

पाहुणेही हसले. मग आपट्याची पाने वाटली.

तो घरी आला तेव्हा चार वाजले होते. कपाळाला हळद चेपलेली. टाक्या व्हरांड्यात ठेवल्या, पट्ट्यांना हात लावला नाही. पाणी दिले ते प्यायला नाही. म्हणाला, "वही काडा."

मी ५ ऑक्टोबरचे पान काढून वाचले. त्याने तळापासून बोटे लावली. सहा भरली. उजवीला साडेपाच. डावीची कडी चावीच्याच अंगाला होती. बकलाच्या खाचेत ओले कुंकू साठले होते, चामड्याच्या आतल्या बाजूला, जिथे पट्टा सोडल्याशिवाय बोट पोचत नाही.

"टाक्या हितनं कुणी नेल्या?"

"गुंडाने," मी म्हटले. "मी न्या म्हटले."

त्याने बोटाला लागलेले कुंकू पुसले. "तुमी दिल्या व्हय," म्हणाला. मला वाटते त्याने ओरडायला हवे होते. आजही तेच वाटते.

आता या सगळ्यात एक गोष्ट अडली होती. वाईच्या बाजूला धरणाचे काम चालले होते आणि तिथे पाण्याखालच्या दारांसाठी पाणबुडे घेणार होते. कृष्णातने अर्ज केला होता. अट एकच : शेवटच्या कामाचा दाखला. बारा महिन्यांची नोकरी, क्वार्टर, आईला वाडीवरून आणता आली असती. दाखला लालासाहेब देणार. चार दिवसांनी दाखला आला. संस्थेचा कागद, गोल शिक्का, टाईप केलेले : 'सदर इसम भीतीमुळे काम अपुरे टाकून वर आले.' माझ्या हातात तो कागद होता तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा कृष्णातसमोर शिवी दिली. तो दचकला.

कृष्णात गुंडाकडे दोनदा गेला. दोन्ही वेळा गुंडा घरी नव्हता, आणि त्याची बायको दारात उभी राहून सांगत असताना आत तो खोकत होता.

रविवार, १० नोव्हेंबरला संस्थेची मासिक सभा होती. मी वही पिशवीत घातली आणि कृष्णातबरोबर गेले. पंपघराशेजारच्या खोलीत सात-आठ पंच, सतरंजी, चहाचे कप. माझ्यासाठी खुर्ची आणली. लालासाहेब वागायला अतिशय सभ्य. तेवढीच त्यांची मला चीड येते. ते म्हणाले, "या बाई. तुम्ही कशाला त्रास घेतला? मीच आलो असतो."

मी बसले नाही. तीन नोंदी वाचल्या. ५ ऑक्टोबरची, २४ ची आणि २५ ची. चार बोटे, न्या म्हटले, सहा बोटे. 'न्या म्हटले' हे मी इतरांपेक्षा मोठ्याने वाचले, कारण त्यांनी ते शोधून काढण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे.

लालासाहेबांनी ऐकून घेतले. मग कृष्णातला विचारले, अगदी मायेने, "पाण्यात उभं होता तवाच चावी आत गेलेली कळली न्हवं तुमाला? मग उतरलासा कशाला?"

पंचांनी माना हलवल्या. प्रश्न बरोबर होता, आणि तो बरोबर होता म्हणून मला जास्त राग आला.

कृष्णात म्हणाला, "मी गुंडाला इचारलं. त्यो न्हाई म्हनला. दोर त्येच्या हातात हुता, चेअरमनसाहेब. दोर धरणाऱ्याचं खरं मानायचं न्हाई तर मग पाण्यात जायाचंच न्हाई."

"अहो, पण पट्टे सोडले तर बिघडलं काय त्यात?" लालासाहेब म्हणाले. "आमच्या आईनं सांगितलं, चामडं देवापुढं ठेवायचं न्हाई. म्हणून सोडले, टाक्या धुतल्या, पूजा केली, दुसऱ्या दिवशी परत बांधले. तेलपाणी करून बांधले. नवं केलं तुमचं."

त्यांनी ते इतक्या सहज सांगितले की खोलीत कुणाच्या काही लक्षातच आले नाही. सोडले. हा एक शब्द आम्ही सोळा दिवस शोधत होतो आणि ह्या माणसाने तो चहाच्या घोटासारखा देऊन टाकला. एकाही पंचाला वाटले नाही की यात कबूल करण्यासारखे काही आहे. चामडे काढून ठेवले, देव राखला, पुन्हा बांधले. कुणाच्याही घरात असेच झाले असते. माझ्याही. मी तिथे उभी राहून हा विचार केला आणि तो मला आवडला नाही.

मी म्हटले, "मग दाखल्यात एवढेच लिहा, की पट्टे दुसऱ्यांनी सोडून बांधले होते."

लालासाहेबांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "पूजेपायी माणूस मरायला लागला असं लिहून देऊ? आईचं नाव त्यात घालू? लोक काय म्हणतील?" मग त्यांनी आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते असे अजूनही लोक सांगतात. म्हणाले की कृष्णातचे नुकसान त्यांना करायचे नाही. दुसरा दाखला देतो. 'काम उत्तम प्रकारे पूर्ण केले.' आत्ता टाईप करायला सांगतो. फक्त ते पट्ट्याचं राहू दे.

मी कृष्णातकडे बघितले. घे म्हणावे असे मला मनापासून वाटत होते. घे आणि जा वाईला, आई आण. खोटे असले तर असू दे, खोट्याची सुरुवात त्यांनी केली.

कृष्णात म्हणाला, "काम झालं न्हाई. खोड अजून आत हाय. झालं म्हणून कसं लिवता?"

"तुमच्याच भल्याचं हाय."

"मी भ्यालो न्हाई, एवढं लिवा. काम ऱ्हायलं, हे बी लिवा."

एक पंच हसून म्हणाला, गडी लय ताठ हाय. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, हसणाऱ्याचा आणि ताठ गड्याचा.

गुंडा दाराच्या चौकटीत उभा होता. त्याला बहुधा चहासाठी ठेवले होते. कृष्णात त्याच्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"गुंडा, पट्टं तूच सोडलंस न्हवं?"

"व्हय."

"मग मी पाण्यातनं इचारलं तवा न्हाई का म्हनलास रं?"

गुंडाने लालासाहेबांकडे बघितले, मग खाली. "पाव्हनं हुतं," म्हणाला.

बस्स. पाहुणे होते. व्हय म्हटले असते तर कृष्णात बाहेर आला असता, पट्टे सोडून पुन्हा बांधले असते, पंधरा मिनिटे गेली असती. मांडवातले लोक पंधरा मिनिटे घड्याळाकडे बघत बसले असते आणि चेअरमनसाहेबांची शोभा गेली असती. एवढ्यासाठी. मला वाटले होते की भीती असेल, धमकी असेल, काहीतरी मोठे असेल. त्या दोन शब्दांनी माझे डोके जे तापले ते अजून निवलेले नाही.

मी सेक्रेटरीला म्हटले, हे प्रोसिडिंगमध्ये घ्या. त्यांनी पेनाला टोपण लावले. विषय पत्रिकेवर नाही म्हणाले.

मग मी खुर्चीवर बसले, गुडघ्यावर वही घेतली आणि त्या दिवसाच्या पानावर लिहिले. गुंडाने काय विचारल्यावर काय सांगितले, लालासाहेबांनी पट्टे सोडल्याचे कोणासमोर म्हटले, वेळ सकाळी ११.४०, खोलीत किती माणसे. खाली लिहिले, कृष्णात भ्याला नाही, खोड काढायचे राहिले. लिहून झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले. कुणी नाही म्हटले नाही. वही गुंडासमोर धरली.

लालासाहेब म्हणाले, "गुंडा, चहाचं बघ."

गुंडा जागचा हलला नाही. त्याने धोतराला हात पुसला, पेन घेतले आणि सही केली. दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाची सही, एकेक अक्षर जोर देऊन. पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती उमटली होती. मग चहाचे बघायला गेला. बारा वर्षांची त्याची पंपावरची नोकरी पुढच्या मार्चमध्ये गेली, कारण सांगितले गेले नाही. ते त्या पुस्तिकेत नाही, म्हणून इथे लिहिते. गुंडाला मी माफ केलेले नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

घरी आल्यावर कृष्णात म्हणाला, पानाची नक्कल करून द्या. मी म्हटले, नकलेला कोण विचारतो? फूटपट्टी ठेवली आणि पान फाडले. शिवण सुटल्यासारखा आवाज झाला. कृष्णात नको म्हणत होता. तोवर ते त्याच्या हातात होते. दोन्ही कागद, लालासाहेबांच्या शिक्क्याचा आणि माझ्या वहीचा, त्याने एकाच पाकिटात घातले. शिक्क्याचा कागद फाडून टाक म्हटले तर म्हणाला, दोन्ही दाखवीन.

दोन्ही दाखवले. त्याचे पत्र आले होते नंतर, कुणाकडून तरी लिहून घेतलेले. तिथल्या साहेबाने माझे पान वाचून विचारले, ही बाई कोण? संस्थेचा कागद नाही, शिक्का नाही. कृष्णातला कामावर ठेवून घेतले, पण पाण्यात उतरू दिले नाही. चार महिने त्याला काठावर दोर धरायला बसवले. पंधरा वर्षे नेव्हीत काढलेल्या माणसाला. पाचव्या महिन्यात कुणाचा तरी पाय दाराखाली अडकला, तेव्हा ह्याने टाक्या काखेत मारून त्याला काढला आणि मग उतरू दिले. आई आता त्याच्याकडे असते. पत्रात शेवटी होते : 'पट्टे माझे मीच बांधतो. तुमच्यावर राग नाही.' मला ते वाक्य आवडले नाही. राग असायला हवा होता. ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला मिळायला हवा होता, माझा मलासुद्धा.

तो ११ तारखेला पहाटेच्या गाडीने जाणार होता. आदल्या दिवशी सायंकाळी त्याने खोली झाडली, खाटेवरच्या विटा परसात नेऊन रचल्या, काळी पट्टी धुऊन दोरीवर वाळत घातली. दोन्ही पट्टे सोडून एरंडेल लावले आणि बोटे मोजून पुन्हा आवळले. मी जवळ उभी होते, हात मागे बांधून.

१० नोव्हेंबरचे पान नव्हते. म्हणून ११ च्या पानाच्या डोक्यावर, तारखेच्या वर, त्या संध्याकाळी लिहिले :

गवळ्याला उद्यापासून पाव लिटर दूध कमी टाकायला सांगितले.